नाहक बदनाम अराबा

घानाच्या किनाऱ्यावरील आमच्या गावात कुणावर नाहक आळ आला, तर तो धुऊन काढण्याची रीतसर व्यवस्था आहे.

अराबामावशी केंके विकते. म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात उकडलेले गोळे. एका मयताच्या जेवणानंतर एगया ओतू या वडीलधाऱ्या गृहस्थांचे पोट बिघडले. त्यांनी तीन घरचे खेकडे हाणले होते, वर ताडी. दोष दिला केंक्याला. बोलणे दोन-चार घरांतच होते. तरी पोटावर पाय यायला नको, म्हणून मावशी गावप्रमुख नानांच्या दरबारी गेली.

नानांशी थेट बोलायची रीत नाही. मधे सोनेरी काठीवाले बेंत्सिलकाका.

"काका, नानांना सांगा, माझ्यावर उगाच आळ घेतलाय."

काका खाकरले. "नाना! जे केंके खाल्ल्यास समुद्रालाही मुरडा यावा..."

"अहो, असं कुणी म्हणालं नव्हतं!"

"गप गं! आळ मोठा असेल, तरच न्याय मोठा मिळतो."

मोठाच मिळाला. दरबाराने मावशीला सर्वानुमते 'नाहक बदनाम' ठरवले आणि दवंडी पिटली: "ऐका हो! अराबाच्या केंक्यानं माणसं आडवी होतात, असं कुणीही म्हणू नये!"

जाळी विणणाऱ्यांनी माना वर केल्या. "आडवी झाली? कितीजण?"

दुसऱ्या दिवशी निम्मे केंके उरले. मावशी रडत पुन्हा दरबारात गेली. दरबाराचे निदान झाले की न्याय कमी पडला. मग शेजारच्या गावांतही दवंडी फिरली. तिथे मावशीचे नावही कुणाला ठाऊक नव्हते. ती उणीव भरून निघाली. शेवटी टपरीवर पाटी लागली: 'नाहक बदनाम. दरबारमान्य.'

अखेर खुद्द एगया ओतू आले. "अराबा, चुकलंच माझं. खेकडे जास्त झाले होते. दे दोन केंके."

मावशीचे डोळे भरून आले. तिने पाने सोडली. एगयांनी पाटी वाचली आणि हात मागे घेतला.

"एवढा दरबार बसला, एवढ्या दवंड्या झाल्या... म्हणजे तेव्हा माझं पोट खरं बोलत होतं की काय?"

"एगया, आळ तुम्हीच घेतला होतात ना?"

"मी काय गं, एकटा माणूस. गावाला जास्त कळतं."

मावशी अजून रोज पहाटे केंके उकडते. चव अप्रतिम, याला मी साक्षी. तुम्ही तर सगळी हकीकत जाणता, तिचा काही दोष नाही हेही जाणता. मग या ना आमच्याकडे, दोन गरम केंके खाऊन जा.

काय म्हणता? आत्ताच जेवून निघालात?