तक्रार आप्पांकडे करावी

केडगावात आमच्या शेजारी वसंत सर राहतात. ते कॉम्प्युटरला अहोजाहो करतात आणि माणसांना गाढव म्हणतात. "उघडा हो, दमलात का?" हे मशीनला. "आप्पा, गाढवासारखं दारात उभं राहू नका," हे मला.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक प्रोग्राम करायला घेतला. आपल्या भागातली बोली मोबाईलला कळावी म्हणून. काम ओपन सोर्स, म्हणजे भंडाऱ्यासारखं. कोणीही यावं, पीठ मळावं, वाढावं, जेवावं, पैसा नाही. गावोगावची माणसं घरी बसून हात लावायची. पण सर चूक काढायचे आणि चूक तिथं गाढव. माणसं गळायला लागली.

मग सरांनी कामाला आचारसंहिता लावली, म्हणजे एकमेकांशी कसं बोलावं-वागावं याचे नियम. जगभर चालते ती, तयार, जशीच्या तशी. म्हणाले, "मी नियम केले तर मीच पळवाट ठेवीन." त्यात एक जागा मोकळी असते, तक्रार कोणाकडे करावी. तिथं त्यांनी माझं नाव आणि नंबर टाकला. मी चौथी नापास. पारावर सगळ्यांना सांगत हिंडलो.

पहिला फोन श्रीगोंद्याहून, मनीषा नावाच्या बाईंचा.

"आप्पा, सरांनी सगळ्यांसमोर मला गाढव म्हनलं. तुमी त्यांना बोलनार का?"

"बाई, सर मोठा मानूस हाय. त्यांची तऱ्हाच तसली. मनावर घेऊ नका."

"मग तुमचं नाव तिथं कशाला हाय?" फोन बंद.

मला जेवण गेलं नाही. बांधाच्या भांडणात मी कोणाला भ्यालो नाही, आणि इथं शेजार तुटेल म्हणून त्या बाईलाच गप्प केलं. लई लाज वाटली. सकाळी उठून सरांकडे गेलो.

"सर, मनीषाबाईंची तक्रार हाय. तुमी चुकला, माफी मागा. मी बी चुकलो, काल त्यांनाच गप केलं."

वाटलं, आता मी गाढव. पण सरांची मान खाली गेली. सगळ्यांना दिसेल अशी त्यांनी माफी लिहिली, मला वाचून दाखवली. सबब एकही नव्हती. मीही बाईंना फोन लावून माफी मागितली.

मग विचारलं, "एवढी शिकलेली मानसं वळखीची, माझंच नाव का घातलं?"

"बायको होती तोवर ती बोलायची मला," सर पडद्याकडे बघत म्हणाले. "आता कोणी बोलत नाही. वाटलं, तुम्ही बोलाल."

मला वर बघवेना. आदल्या दिवशी त्यांना काही न बोलता मी शेजार राखला, असं मला वाटलं होतं.