एक मीटरची रेघ

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या भामरेकाकांच्या हॉलमध्ये भिंतीवर पेन्सिलची एक आडवी रेघ आहे. जमिनीपासून बरोबर एक मीटर. मी स्वतः टेप लावून पाहिली आहे, म्हणून खात्रीने सांगतो. घरात आलेली प्रत्येक नवी वस्तू काका त्या रेघेपाशी धरतात आणि सोडून देतात. खाली फरशी आहे, गादी नाही.

वस्तू पडते. काका वाकतात, उचलतात, कानाशी नेऊन हलवतात, चालवून बघतात. चालली तर म्हणतात, "पास शे!"

काका मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलणं तुमच्या-आमच्यासारखंच, पण निकाल द्यायचा तर अहिराणीतच. सातपूरला विजेची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. बटण एक मीटरवरून पाडायचं आणि नंतर दिवा लागतो का बघायचं, यात त्यांची सगळी नोकरी सरली. काका निवृत्त झाले, पण हात झाला नाही. चष्मा, छत्री, गजराचं घड्याळ, सगळं रेघेवरून खाली आलेलं आहे. माझा नवा जेवणाचा डबा मी त्यांना हौसेने दाखवायला नेला, तो पोचे घेऊन परत आला. वर मलाच ऐकवलं, "शिरोडे, झाकण उघडलं नाही बघा. पास शे. निर्धास्त वापरा."

जावई पसंत करतानाही त्यांनी मुलाला मुद्दाम ढिल्या पायाच्या खुर्चीवर बसवलं, असं म्हणतात. मी तिथे नव्हतो, त्यामुळे हे ऐकीव समजा. मुलगा पोह्यांच्या बशीसकट खाली आला, उठला, हसला आणि म्हणाला, "पोहे आणखी आहेत का?" लग्न त्याच बैठकीत ठरलं.

हाच जावई आणि काकांची मुलगी भारती पुढे कॅनडात गेले. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला भारती सुट्टीवर आली तेव्हा तिने वडिलांना एक छोटा डिजिटल कॅमेरा आणला. चंदेरी, साबणाच्या वडीएवढा. बटण दाबलं की भिंग कासवाच्या मानेसारखं बाहेर यायचं. त्याला कारण होतं. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. लिफ्ट नाही. दवाखाना सोडला तर काकू खाली उतरत नव्हत्या, आणि दवाखान्यातही त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी न्यावं लागायचं. त्याआधी त्या दर सोमवारी गंगेवर, म्हणजे इथल्या नदीवर, जाणाऱ्या, पंचवटीच्या बाजारात दोन तास भाजी निवडणाऱ्या. भारती म्हणाली, "बाबा, आईला खाली नेता येत नाही ना? मग खालचं सगळं यात भरून वर आणत जा."

काकांनी कॅमेरा हातात घेतला, वजन अजमावलं, रेघेपाशी नेला आणि सोडला.

भारती किंचाळली. मी समोर बसलो होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही. कॅमेरा कोपऱ्यावर आपटला, उडाला, टीपॉयखाली गेला. काकांनी तो काढला, कानाशी हलवला, बटण दाबलं. भिंग बाहेर आलं. त्यांनी शांतपणे मुलीचा फोटो काढला. त्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो म्हणजे डोक्याला हात लावलेली, तोंड वासलेली भारती.

"पास शे!"

त्यानंतर त्या यंत्राने जे सोसलं, ते आठवलं की मला आजही हात जोडावेसे वाटतात. भाजीबाजारात काका वाकून मेथीचा फोटो काढत होते, तेव्हा कॅमेरा हातातून निसटून शेजारच्या तराजूत, कांद्यांवर पडला. कांदेवाली म्हणाली, "काका, ह्यो पन तोलू का? कांद्यापेक्षा टिकंल!" एका सत्यनारायणाला तो शिऱ्यात गेला. तेव्हापासून भिंग बाहेर येताना करकर वाजायचं आणि वेलदोड्याचा वास यायचा. एकदा तो रिक्षाच्या चाकाखाली आला. पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकला. काका काही बोलण्याआधी रिक्षावालाच खाली उतरला. "बाबा, आधी माझा टायर बघू द्या!" बॅटरीचं झाकण मोडलं, तिथे काकूंच्या केसांचा रबर आला. मनगटात अडकवायची दोरी पंचवटीतल्या एका गाईने चघळून तोडली. आणि कॅमेरा चालू.

मी हिशेबाच्या खात्यातला माणूस. कुठल्याही वस्तूचं आयुष्य ठरलेलं असतं, दरवर्षी तिची किंमत थोडी उतरते, असं मानणारा. या वस्तूपुढे माझं गणित चालेना. प्रत्येक अपघातानंतर काका जिन्यातच मला गाठून नवी जखम दाखवायचे आणि वर छाती काढून म्हणायचे, "बोला शिरोडे! आहे तुमच्या ऑफिसात असा एक तरी माणूस?"

फोटोंबद्दल मात्र एक शब्द नाही. मला वाटायचं, काकांना फोटोंशी काही देणंघेणं नाही. त्यांना फक्त कॅमेरा पडतो कसा आणि उठतो कसा, यातच रस.

मग तो रामकुंडावरचा सोमवार आला. मी बरोबर होतो. पाण्यावर कुणीतरी सोडलेला दिवा द्रोणातून तरंगत चालला होता. काका शेवटच्या पायरीवर बसून पुढे झुकले. दोरी नव्हतीच. कॅमेरा हातातून सुटला आणि डुबकन आत गेला.

काका बूट-पँटसकट पाण्यात उतरले. कमरेएवढ्या पाण्यात पायांनी चाचपडत राहिले. घाटावरचा एक गुरुजी ओरडला, "अहो आजोबा, अंगठी पडली का?" शेवटी बुटाच्या टोकाला कॅमेरा लागला. बाहेर काढला तेव्हा भिंगातून पाणी ओघळत होतं. मी वाट पाहत होतो की आता ते कॅमेरा कानाशी नेतील. त्यांनी नेला नाही. रुमालात गुंडाळून तो छातीशी धरला. आणि रिक्षावाल्याशी घासाघीस न करणारे भामरेकाका मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मेन रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा केला. "काका, हा गेला. नवीन घ्या."

"गेला की राहिला ते मी ठरवीन. उपाय काय ते बोल."

"कोरड्या तांदळात पुरून ठेवा. आठवडाभर तरी. आणि मध्ये अजिबात चालू करून बघायचा नाही. आत ओल असताना बटण दाबलं की संपलं."

ज्या माणसाने आयुष्यात कुठलीही वस्तू बटण दाबून बघितल्याशिवाय खाली ठेवली नाही, त्याला ही शिक्षा. घोटीहून आणलेला वर्षाचा तांदूळ डब्यात होता, त्यात काकांनी कॅमेरा पुरला आणि डब्याला हात लावायला घरात सगळ्यांना बंदी केली. सगळे म्हणजे काकू आणि ते स्वतः. भात बंद झाला. जिन्यात भेटले की मी विचारायचो, "काय म्हणतो पेशंट?" काका नुसती मान हलवायचे. छाती काढणं बंद. पण रोजची फेरी चालू होती. पिशवी घेऊन जायचे आणि नेहमीच्या वेळेला परत यायचे.

दोघं रोज भाकरीच खातात हे कळल्यावर आमच्या हिने एका संध्याकाळी भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं. मी वर गेलो. दार उघडंच होतं. काकू पलंगावर, समोर खुर्चीत काका. काकांनी दोन्ही हात समोर धरले होते, मध्ये साबणाची वडी मावेल एवढी जागा सोडून. हातात काही नव्हतं.

"हा पहिला," काका म्हणाले. "बाजाराचं तोंड. मेथी आलीय, पण बारीक आहे."

"कोपऱ्यावरची फुलवाली?"

"ती पुढच्यात आहे." काकांनी अंगठ्याने बटण दाबलं. "ही बघ. शेवंती घेऊन बसलीय."

"दिसत नाही नीट. मोठी करा ना."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचे गुडघे काकूंच्या गुडघ्यांना लागले. "नाकात नवी चमकी आहे. पदर डोक्यावर. तुझी चौकशी करतेय. म्हणाली, मावशीला सांगा, तुमची जागा धरून ठेवलीय."

काकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "पुढचा."

"पुढचा जरा हललाय. रिक्षातून काढला."

"असू दे. हललेला दाखवा."

काका सांगत गेले. पुलावरून गंगा, धोबिणींची ओळीने वाळत घातलेली लुगडी, घंटेला हात न पुरणारं एक पोर आणि त्याला उचलणारा त्याचा बाप. बोटं दर फोटोला बटण दाबत होती. कारखान्यात त्यांनी बटणं अशीच दाबली असतील. दिवा लागेपर्यंत नजर न हलवता.

"यात तुमचा एकही नाही," काकू म्हणाल्या.

"काढणारा मी. माझा कसा येणार?"

"आणा इकडे."

काकांनी ते रिकामे हात पुढे केले. काकूंनी त्यातून जपून, दोन्ही हातांनी, जे होतं ते घेतलं. डोळ्यासमोर धरलं. "हलू नका," म्हणाल्या, आणि बोट दाबलं. मग नीट निरखून पाहिलं.

"पास शे," काकू म्हणाल्या.

मी भाताचं पातेलं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि बेल न वाजवता खाली आलो.

कॅमेरा पुढे चालू झाला. तांदळाचा एक दाणा आत राहिलाय, हलवला की वाजतो. डब्यातून निघाल्यावरचा पहिला फोटो काकांनी मला जिन्यात थांबवून दाखवला. त्यांनी मला दाखवलेला तो पहिलाच फोटो. तडकलेल्या पडद्यावर खुर्चीत बसलेले भामरेकाका, मागे भिंतीवर त्यांच्या खांद्याला टेकलेली पेन्सिलची रेघ. फोटो थोडा हललाय.