पक्का पुरावा

वर्तकनगरात कुणाचाही कागद अडला की लोक माझ्याकडे येतात. का येऊ नयेत? रेशनकार्डापासून लाइटबिलापर्यंत माझा प्रत्येक कागद लॅमिनेट केलेला आहे. पाण्यात बुडवा, वाळवी सोडा, ढिम्म काही होत नाही. माझी बायको मंजुळा या फाइलला सवत म्हणते. मी ते कौतुक समजतो.

गेल्या महिन्यात आमचं मस्कतला जायचं ठरलं. लेक विनिता तिथे असते, तिचं पहिलं बाळंतपण. तिकिटं आली आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या बाकावर शेजारच्या सुदेशने वाद उकरून काढला. म्हणे, आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नाही. मतदार कार्डही नाही. पॅन तर नाहीच नाही. मी विचारलं, मग पासपोर्ट?

“त्याच्यावरही एकमत नाही, तानाजीराव. काही जण म्हणतात, तो नुसता प्रवासाचा कागद.”

साठ वर्षं या देशात काढली आणि हा माणूस बसल्या बाकावरून मला परका करून मोकळा! मी फार दुखावलो. आता भरवशाचा म्हणावा असा तो एकच पुरावा उरला होता आणि नेमका तोच माझ्या फाइलमध्ये लॅमिनेशनवाचून राहिलेला. तो आधी पक्का करायचं मी ठरवलं.

नाक्यावरचा झेरॉक्सवाला दिपेश पासपोर्ट बघून थबकला. “काका, हे पुस्तक आहे. मिटणार कसं?”

मी त्याला म्हटलं, मशीन तुझं, अनुभव माझा. फोटोचं पान वर ठेवून पासपोर्ट उघडा केला आणि अख्खा मशीनमधून काढायला लावला. बाहेर आला तो पोळपाटासारखा कडक. खूश होऊन मी मंजुळाचाही मागितला, तर तिने तो घरात कुठेतरी दडवून ठेवला होता आणि काही केल्या सांगेना.

माझा पासपोर्ट सुदेशला मुद्दाम नेऊन दाखवला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, मस्कतवाले शिक्का कुठे मारणार, प्लास्टिकवर? विमानाला नऊ दिवस उरले होते.

पासपोर्ट ऑफिसातल्या बाईंनी तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला. हा बाद झाला, नवा काढावा लागेल, म्हणाल्या, जन्माचा पुरावा द्या. मी शाळेचा दाखला दिला. तोही लॅमिनेट. वर काटकसर म्हणून एकाच प्लास्टिकात दाखला आणि लग्नाचं सर्टिफिकेट पाठीला पाठ लावून बसवलेलं. दाखल्याच्या मागे काय लिहिलंय, हे आता देवालाच ठाऊक. बाई म्हणाल्या, शाळेतून नवा आणा. शाळा चिपळूणजवळच्या गावात आणि मे महिन्याची सुट्टी लागलेली.

“मग मी भारतीय कशावरून, ते तरी सांगा,” मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

तेवढ्यात माझ्यासोबत आलेली मंजुळा मागून पुढे झाली.

“मॅडम, पासपोर्टला लॅमिनेशन करणारा माणूस दुसऱ्या कुठल्या देशात मिळेल का?”

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, “मला पटलं हो काका. पण कॉम्प्युटरला हे चालत नाही.”

ठरल्या दिवशी मंजुळा एकटीच गेली. पासपोर्ट तांदळाच्या डब्यातून निघाला. विमानतळावरून रिकाम्या घरी परतलो तेव्हा फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आठव्या दिवशी विनिताला मुलगा झाला. मंजुळाने व्हिडिओ कॉलवर त्याला माझ्यापुढे धरलं. मी मोबाइलच्या काचेवरूनच त्याच्या गालाला बोट लावलं. त्याने मोठी जांभई दिली.

दुसऱ्या दिवशी विनिताने त्याचा फोटो पाठवला. त्याची चांगली मोठी प्रिंट काढून मी दिपेशच्या दुकानात गेलो. मला पायरी चढताना बघताच त्याने मशीनचं बटण बंद केलं.

“काका,” तो म्हणाला, “आधी दाखवा, काय आणलंय.”