तानुबाईंच्या गुडघ्याचे सोयर

लग्न तोंडावर आले असताना सूरजने आपले संशोधन घरात सांगायला नको होते. १९९८चा मे महिना होता. सांगलीच्या एका प्रयोगशाळेत तो आईच्या, म्हणजे तानुबाईंच्या, झिजलेल्या गुडघ्यांसाठी खटपट करीत होता. तिच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या मूळपेशींपासून त्याने एका नळीत सांध्यातली मऊ गादी, कूर्चा, वाढवायला घेतली होती. कुंडलला दारात मांडव पडत असताना त्याने ही गोष्ट मोठ्या अभिमानाने चुलत्यांच्या, आप्पासोंच्या, कानावर घातली.

आप्पासोंचा अडकित्ता थांबला. भावकीत जन्माचे सोयर आणि मरणाचे सुतक यांबाबत त्यांचा शब्द अखेरचा असे.

"जित्या हायत त्या पेशी?"

"व्हय, आप्पा."

"वाढत्यात?"

"लय झ्याक!"

"आन् वैनींच्याच अंगातनं निघाल्या?"

"तर!"

"मग घरात सोयर आलं की रं! दहा दिस लगीन न्हाई."

पुढचा मुहूर्त दिवाळीनंतरचा होता आणि साताऱ्याची समीक्षा तोवर थांबेलच, याची सूरजला खात्री नव्हती. संध्याकाळी प्रयोगशाळेला फोन करून आल्याचे भासवीत त्याने आयुष्यातला पहिला खोटा निष्कर्ष जाहीर केला.

"आप्पा, सांगलीत लाइट गेली हुती. मेल्या सगळ्या."

आप्पासोंनी डोक्यावरची टोपी काढली. "म्हंजे सुतक."

आत बायकांनी बुंदीची कढई उतरवली.

"न्हाई, न्हाई! जित्या हायत!" सूरज ओरडला. "पण ते लेकरू न्हवं, आप्पा. ती आईच हाय. तिचंच अंग."

आप्पासोंनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "असं व्हय! मग सोयरबी न्हाई, सुतकबी न्हाई." कढई पुन्हा चुलीवर चढली. "पण गड्या, आई सांगलीत आन् तू हितं बोहल्यावर? तसल्या अक्षता मी पडू द्यायचो न्हाई."

"आवं, आई ही काय बसलीया!"

"निम्मी."

"मला घिऊन ये रं बाबा," तानुबाई कळवळून म्हणाल्या. "एकुलत्या लेकाचं लगीन हाय."

पेशींना अंगाइतकी ऊब लागते. म्हणून सांगलीहून आणलेली ती नळी आईच्या चोळीच्या खणात गुंडाळून सूरजने लग्नाच्या कोटाआड पोटाशी बांधली. मंगलाष्टके संपली, अंतरपाट खाली आला. हार उचलून उभ्या असलेल्या समीक्षाला नवरदेवाचे पोट एकाच बाजूने पुढे आलेले दिसले.

"कोटात काय हाय?" तिने हळूच विचारले.

"आई."

समीक्षाने पाहिले. समोर खुर्चीवर तानुबाई उरलेल्या अक्षता टाकीत होत्या.

"मग त्या कोण?"

"त्याबी आईच."

हार हवेतच थांबला. वाजंत्रीवाल्यांनी ओठांशी नेलेल्या सनया तशाच धरून ठेवल्या. समीक्षा सावकाश वडिलांकडे वळली.

"नाना," ती म्हणाली, "बैठकीत एकच सासू ठरली हुती न्हवं?"