रंगूनानांचा ऑनलाइन मांडव

रंगूनाना कॉम्प्युटरसमोर बसले की आधी हेडफोनचा माईक ओठांशी ओढायचे, त्यावर दोनदा फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "हॅलो, हॅलो. मागच्या लोकांना आवाज येतोय का?" मागे लोक नसायचे. मागे माझं झेरॉक्स मशीन होतं. शिवाय समोर फक्त वाचायचा धडा असायचा, त्याला माईक लागतच नाही. हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. "असू दे राव," ते म्हणायचे, "सुरुवात नीट झाली पायजे."

ही गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. जुन्नरच्या एसटी स्टँडजवळ माझा सायबर कॅफे होता. सायबर कॅफे म्हणजे चार कॉम्प्युटर, एक एसटीडीचा फोन आणि वीज गेली की दोन मेणबत्त्या. नाना लेण्याद्रीच्या बाजूच्या एका वाडीचे. टोमॅटो, कांदा, थोडी द्राक्षं. पण तालुक्यात त्यांना ओळखत ते शेतीमुळे नव्हे, लग्नामुळे. स्वतःच्या नव्हे, लोकांच्या. आमच्याकडे लग्नात कोण पाहुणा आला ते माईकवरून पुकारावं लागतं. एखाद्याचं नाव राहिलं तर तो जेवायचा नाही, आणि जेवला तरी पुढली दहा वर्षं ते बोलून दाखवील. नाना पुकारायला उभे राहिले की एकही नाव राहत नसे. "ज्यांची आपण आतुरतेनं वाट पाहत होतो, त्यांचं मांडवात आगमन झालेलं आहे. यजमानांनी नोंद घ्यावी." असं ते सगळ्यांनाच म्हणत. पाहुण्याला खरंच वाटायचं की आपल्यावाचून लग्न अडलं होतं.

अशा माणसानं पन्नाशीच्या तोंडावर आरोग्यशास्त्राच्या पदवीला नाव घातलं. तेही इंटरनेटवरून, दक्षिणेकडच्या कुठल्याशा विद्यापीठात. त्यांची बारावी सायन्सची होती आणि इंग्रजी ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत. लिहायची वेळ आली की ते मराठीत सांगायचे आणि मी माझ्या बी.कॉम.च्या इंग्रजीत टाईप करायचो. म्हणजे निम्मी पदवी खरं तर माझी आहे, पण ते असो.

ही पदवी घेऊन माणूस नेमकं काय होतो, हे कुणालाच कळेना. शेजारचे किराणावाले शांतीशेठ एकदा मुद्दाम विचारायला आले.

"नाना, हे झालं की दवाखाना टाकणार का?"

"न्हाई."

"मग मेडिकल?"

"न्हाई."

"लॅब? रक्त-लघवीची?"

"टाकायचं काय नसतं वो शेठ यात. लोकांचं आरोग्य कशानं बिघडतं ते कळतं."

"कळून पुढं?"

नाना विचारात पडले. "ते तिसऱ्या वर्षात हाये," म्हणाले.

शांतीशेठ माझ्याकडे बघायला लागले, मी स्क्रीनकडे. घाटघरचा एक म्हातारा गुडघे दाखवायला आला होता. त्याला नाना म्हणाले, "बाबा, अजून पोटच चाललंय. गुडघा पुढच्या धड्यात." म्हातारा बिचारा पुढच्या महिन्यात पुन्हा आला. गुडघा अजून आलेला नव्हता.

मग अभ्यासक्रमात चर्चेची पाटी सुरू झाली. वर्गातल्या सगळ्यांनी इंटरनेटवर एका ठिकाणी लिहायचं आणि एकमेकांना उत्तरं द्यायची, अशी रीत होती. नानांनी पाहिलं की तिथं रोज नवी नावं येतायत आणि त्यांना कुणी 'या' म्हणत नाही. त्यांच्या जिवाला ते सोसेना. त्या दिवसापासून जो येईल त्याचं आगमन आमच्याकडून जाहीर व्हायला लागलं. केरळातल्या अन्नम्माबाईंचं आगमन झालेलं आहे. ओडिशाचे कुणी बिपिनबाबू, त्यांचंही झालेलं आहे. सर्वांनी जेवून जावं. जुन्नरला कसं यायचं तेही नानांनी लिहायला लावलं: पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरा, तिथून एसटी आहे, आणि नाही मिळाली तर वडापच्या जीपवाल्याला रंगूनाना म्हणून सांगा. बिपिनबाबूंनी घाबरून उलट विचारलं की ही जुन्नरभेट अभ्यासक्रमात सक्तीची आहे का, आणि तिला गुण किती.

मी तरी त्यांना काय सांगणार? मलाच काही कळत नव्हतं. एकदा वीज गेली असताना मी नानांना सरळ विचारलं, "नाना, खरं सांगा. तुम्हाला हे कशाला हवंय?"

नानांनी डिक्शनरी मिटली. "वैशू हेच शिकती ना," ते म्हणाले.

वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला होस्टेलवर राहून हीच पदवी कॉलेजात करत होती. तिची आई, आमच्या काकू, होत्या तोवर तिच्याशी बोलायचं खातं काकूंकडे होतं. आदल्या वर्षी काकू गेल्या. त्यानंतर नाना दर रविवारी बाजार उरकून माझ्या दुकानातून फोन लावायचे. "बरी हायेस का?" "हो." "बरं मग." झालं. भरल्या मांडवात तासन् तास बोलणारा हा माणूस रिसीव्हर ठेवून तसाच उभा राहायचा, आणि मी उगाच झेरॉक्सचा कागद सरळ करायचो.

"तिला काय इचारावं तेच कळत न्हाई," नाना म्हणाले. "कांद्याचा भाव सांगू का तिला? म्हनलं, ती शिकती ते आपनबी शिकावं. मग बोलाय काईतरी व्हईल."

"तिला सांगितलंत का?"

"अजून न्हाई. आधी थोडं यायला पायजे. हसंल ती."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडून टायपिंगचे पैसे घेणं बंद केलं.

आणि नेमकं तेव्हाच नानांचं बिनसलं. दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्यांनी एकमेकांचे गृहपाठ तपासायचे होते, प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे होते. नानांनी याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. हा आहेर आहे. कुणी आपल्याला सहा दिले, तर आपण सात द्यायचे. आठ दिले, तर नऊ. आहेर फेडताना वर एक घालायचाच असतो, नाही तर घेणाऱ्याच्या मनात राहतं. हे सगळं सुरळीत चाललं होतं, पण अन्नम्माबाईंनी नानांना दहापैकी दहा दिले.

"अकरा टाका," नाना म्हणाले.

"नाना, दहाच्या वर घेत नाही."

"घेत न्हाई म्हंजे? इतक्या लांबून बाई मान देती आन् आमी तेवढ्यावरच भागवायचं? परत दाबा."

मी परत दाबलं. कॉम्प्युटरनं लाल अक्षरांत नकार दिला. नाना इतके ओशाळले, जणू पंगतीत बुंदी कमी पडली होती.

आठवड्यानं विद्यापीठाच्या बाईंची मेल आली. तुम्ही एकाही गृहपाठात एकही चूक दाखवलेली नाही, हे तपासणं नव्हे. आज संध्याकाळपर्यंत अन्नम्माबाईंच्या गृहपाठातला निदान एक दोष लिहून पाठवा, नाहीतर तुमचं नाव अभ्यासक्रमातून कमी होईल.

नाना हबकले. "मांडवात आलेल्या पावण्याची चूक काढायची? मी? आवो, माझ्या हातनं व्हनार न्हाई."

"मग नाव जाईल, नाना."

"जाईल," ते म्हणाले. काय जाणार होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. संध्याकाळी लोडशेडिंगमुळे वीजही जाणार होती. शेवटी मीच फोन पुढे सरकवला. "वैशालीला विचारा. तिला येतं हे."

नाना नाही-नाही म्हणत होते, तोवर मी नंबर फिरवला. लिहून घ्यायला हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरही लावला. नानांनी अडखळत सगळं सांगितलं: नाव घातलंय, पहिलं सत्र पास झालोय, आता चूक काढता येत नाही म्हणून काढून टाकतायत.

"तुम्हाला चूक काढता येत नाही?" वैशाली म्हणाली.

"न्हाई गं."

"नाना, माझ्यात काढायचात तशी काढा की."

मी उठून बाहेर जायला हवं होतं, पण बसून राहिलो.

"दहावीला चौऱ्याऐंशी टक्के पडले," ती म्हणाली. "मी पेढे घेऊन तुमच्यासमोर उभी होते. तुम्ही विचारलंत, वरचे सोळा कुठं गेले? आणि त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी हळदीत माईकवरून नवरीचं कौतुक करत होता, मुलगी गुणाची आहे म्हणून. आवाज आपल्या घरापर्यंत येत होता. आई म्हणाली, मनावर घेऊ नकोस."

नाना टेबलाकडे बघत होते.

"व्हय," ते म्हणाले. "म्हनालो व्हतो मी तसं."

"ठेवू का?"

"नको गं, ठेवू नको. माझं चुकलं, वैशू. तेव्हाच चुकलं. आपल्या मान्साचं कौतुक करू नये, दृष्ट लागती, आसं आमच्यात म्हनत्यात. मला तेच खरं वाटायचं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आणि अगदी वेगळ्या सुरात प्रश्न, "काय लिहिलंय त्या बाईंनी? वाचा."

मी वाचून दाखवलं. शाळेत मुलांना हात धुवायला कसं शिकवलं, असा गृहपाठ होता. "त्यांनी शाळेत पाणी येतं का ते लिहिलंय? नाही ना? तेवढंच लिहा. आणि पुढं लिहा की बाकीचं छान झालंय," वैशाली म्हणाली. नानांनी तेवढंच लिहायला लावलं. वर "बाई, राग मानू नये" असं दोनदा घालायला लावलं. मेल गेली आणि वीज गेली.

फोन ठेवून नाना अंधारात बसून राहिले. मी मेणबत्ती शोधत होतो. विचारलं, "चहा सांगू का?"

तेवढ्यात फोन वाजला. त्या दुकानातून नाना तिला फोन करायचे. तिचा फोन तिथं कधी आला नव्हता. मी उचलला.

"दादा, नाना आहेत का अजून?" वैशाली म्हणाली. "त्यांना द्या ना. मला काय काय सांगायचं राहिलंय."

मी रिसीव्हर पुढे केला. नानांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कानाला लावला. पलीकडून ती "नाना? नाना?" करत होती.

"सांग बाळा," ते शेवटी म्हणाले. "मी ऐकतोय."