नऊ मैलांचे औषध

नियमित चालण्याने आयुष्य वाढते, भूक लागते आणि बुद्धी तल्लख राहते, याबद्दल साताऱ्याच्या पेन्शनर मंडळींत दुमत नव्हते. निवृत्त मामलेदार विष्णुपंत तर या मताचे आधारस्तंभच होते. १९४३ साली पेट्रोलच्या टंचाईने मोटारी बंद पडल्या, पण विष्णुपंतांचे चालणे एक दिवस चुकले नाही. रोज पहाटे ते टांग्यात बसून गावाबाहेर जात, तिथे उतरून दोन फर्लांग चालत आणि त्याच टांग्यातून परत येत. (गावातून पायी जाणे बरे दिसत नाही. लोकांना वाटते, टांगा सोडावा लागला.)

अशा अनुभवी माणसाला वरच्यांनी एका समितीचे अध्यक्ष नेमले, यात नवल नाही. प्रश्न किरकोळ होता. माण भागातल्या एका वाडीला दवाखाना नऊ मैलांवर पडे, तेव्हा आठवड्यातून एकदा डॉक्टरने वाडीला यावे, असा लोकांचा अर्ज होता. डॉक्टरसाठी घोडाही मंजूर झाला होता. शिफारस तेवढी राहिली होती.

ती मागायला धुळा नावाचा मेंढपाळ दोन दिवस चालत साताऱ्याला आला. विष्णुपंतांनी त्याला अंगणात उभे करून न्याहाळले. पोटाचा पत्ता नाही, पोटऱ्या घट्ट, धाप म्हणून नाही. विष्णुपंतांना दोन फर्लांगांत तीनदा टेकावे लागे. त्यांना त्या पोटऱ्यांचा मनापासून हेवा वाटला.

"रोज किती चालतोस रे?"

"मोजलं न्हाई, सायेब. मेंढरं नेत्यात तितवर."

"आणि बायको?"

"ती पाण्यालाच तीन मैल जाती. पर आता तिला आठवा म्हैना हाय. मागल्या खेपंला दवाखान्याच्या वाटंवरच लेकरू गेलं. आवं, तेवढा डागदर वाडीला येऊ द्या. लय उपकार व्हतील."

विष्णुपंत गहिवरले. तीन मैल, तेही डोक्यावर घागर घेऊन. साताऱ्यातल्या एकाही सुनेच्या नशिबी हा व्यायाम नव्हता.

"अरे, तुम्ही भाग्यवान आहात," ते म्हणाले, "आणि डॉक्टर मागून ते भाग्य घालवायला निघालात."

धुळाने हात जोडले. भाग्याचा मुद्दा अर्जात नव्हता.

पंधरा दिवसांत अहवाल तयार झाला. समिती वाडीला गेली नाही (मोटार बंद, आणि बैलगाडीने अंग दुखते), पण दवाखान्याचे रजिस्टर तिने बारकाईने तपासले. वाडीहून नऊ मैल चालून दवाखान्यात पोचलेल्या दर शंभर रोग्यांपैकी सत्त्याण्णव बरे झाले होते. दवाखान्याच्या शेजारी राहणारे मात्र एकोणऐंशीच. सबब, औषध बाटलीत नसून वाटेत आहे. (जे वाटेतच मेले ते दवाखान्यात आलेच नाहीत. त्यांना रोगी म्हणणे नियमाला धरून होणार नाही.) वाडीत डॉक्टर नेल्यास रोग्यांचे अतोनात नुकसान होईल, म्हणून अर्ज फेटाळावा, आणि मंजूर घोडा उगाच उभा राहून आजारी पडू नये म्हणून तो अध्यक्षांच्या टांग्याला जोडावा.

तीन आठवड्यांनी धुळाची बायको हरणाबाई कळा सोसत दवाखान्याकडे निघाली. सहाव्या मैलावर ती एका बाभळीखाली बसली. ती उठली नाही. मूलही वाचले नाही.

बातमी आली त्या दिवशी विष्णुपंतांना जेवण गोड लागले नाही. हात धुऊन त्यांनी अहवालाला पुरवणी जोडली: 'सदर बाई सहा मैल चालत होती तोवर हयात होती. मृत्यू बसल्यानंतर आला. यावरून बसण्याचे धोके लक्षात यावेत.' धुळाने पुन्हा अर्ज केला नाही. मागावे असे त्याच्याजवळ काही उरले नव्हते.

पुरवणीसकट अहवालाची पुस्तिका निघाली. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ती हातोहात खपली आणि विष्णुपंतांना वाचकांची सदतीस पत्रे आली. हरणाबाईची हकिगत वाचून मन हेलावल्याचे प्रत्येकाने पहिल्याच ओळीत कळवले होते. दुसऱ्या ओळीपासून शंका होती: फिरायला जाण्याआधी चहा घ्यावा, की आल्यावर?

विष्णुपंतांनी प्रत्येकाला स्वहस्ते उत्तर पाठवले: आल्यावर. इथवर वाचून आपलेही मन हेलावले असेल, तर आपल्यालाही हेच उत्तर लागू आहे.