इंद्रभानचा न दिसणारा शिक्का

पुंजाजी आबा वारल्याच्या दुसऱ्या दिवसापासून इंद्रभानला सांत्वनाचे फोन यायला लागले. पुंजाजी आबा त्याचे कुणीच नव्हते. इंद्रभान दुसरबीडला हमरस्त्यावर फोटो स्टुडिओ चालवायचा आणि आबांचा शेवटचा बरा फोटो त्याने काढला होता, एवढंच काय ते नातं. पण चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा जो फलक लागला, त्यावर आबांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत 'इंद्रभान फोटो, दुसरबीड' अशी तिरपी अक्षरं होती आणि मिशीच्या जागी मोबाईल नंबर होता. लोकांना वाटलं, घरच्यांचाच नंबर असणार.

"लय वाईट झालं हो," फोनवर एक जण म्हणाला. "दहावा कधी हाये?"

"मी फोटोवाला हाये!"

"ते झालंच. पन दहावा कधी हाये?"

संध्याकाळी आबांचा थोरला मुलगा दुकानात आला. "आमच्या बापाच्या तोंडावर तुमची जाहिरात काऊन?" असं त्याने विचारलं, आणि ज्या आवाजात विचारलं त्यावरून इंद्रभानने फलक स्वतःच्या खर्चाने बदलून द्यायचं तत्काळ कबूल केलं.

या सगळ्याला कारण एक बैल होता. पोळ्याला इंद्रभानने एका सजवलेल्या बैलाचा झकास फोटो काढला होता आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं नाव घातलं होतं. खताच्या एका दुकानदाराने तो कोपरा कातरला, खाली स्वतःचं नाव टाकलं आणि कॅलेंडर छापलं. तोच फोटो 'सुप्रभात' म्हणून गावोगाव फिरला. फिरत फिरत तो इंद्रभानच्या सासऱ्यांकडे गेला आणि त्यांनी तो जावयालाच पाठवून खाली लिहिलं, 'असे फोटो काढायला शिका.'

इंद्रभानला पैशाचा लोभ नव्हता. त्याला नावाचा होता, आणि हा लोभ जास्त वाईट. त्या दिवसापासून त्याने नाव कोपऱ्यातून उचललं आणि फोटोच्या मधोमध आणून बसवलं. मग लग्नाच्या फोटोत नवरीच्या कुंकवावर 'इंद्र' आणि नवरदेवाच्या नाकावर 'भान' यायला लागलं. बारशाच्या फोटोत बाळ शोधावं लागे. गिऱ्हाइकं कुरकुरत होती, पण इंद्रभान बधला नाही. आबांच्या मुलाचा आवाज ऐकल्यावर मात्र बधला.

शेवटी शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या आसिमने उपाय काढला. "इंद्रभानभाऊ, नाव असं टाका का कोणाले दिसलंच नाई पाह्यजे," तो म्हणाला. "फोटो म्हंजे काय? लाखो ठिपके. त्यातल्या थोड्या ठिपक्यांचा रंग आपला प्रोग्राम जरासा बदलून टाकते. डोळ्याले पता बी नाई लागत. पन त्याच ठिपक्यात तुमचं नाव इनलेलं राह्यते. कोणी कातरो, बारीक करो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवो, प्रोग्रामनं पाह्यलं का नाव हाजिर!"

"अन् कोनी काढून टाकलं तं?"

"निघतच नाई ना. तेच तं त्याच्यात मजा हाये."

इंद्रभान हरखून घरी गेला आणि बायकोला, जयमालाला, ही किमया समजावून सांगितली. ती पोळ्या लाटत ऐकत होती.

"म्हंजे नाव हाये, पन दिसत नाई?"

"हाव!"

"मंग तं ते तुमच्या हुशारीसारखंच झालं," जयमाला म्हणाली आणि तिने पोळी उलटवली.

पावसाळा लागला. भोकरखेडीचे सरपंच हिंमतराव यांनी गायरानात वृक्षारोपण ठरवलं आणि फोटोसाठी इंद्रभानला बोलावलं. रोपं आली, खड्डे खणायचे राहिले, प्रमुख पाहुण्यांची गाडी उशिरा निघाली, आणि तोवर शेळ्यांच्या एका कळपाने कार्यक्रम उरकून घेतला.

"रोपं गेले तं जाऊ द्या," हिंमतराव म्हणाले. "फोटोचं काय? फोटो नाई तं झाडं लावले याले पुरावा काय?"

इंद्रभान म्हणाला, "माह्यावर सोडा." तो घरी आला. त्याने परसात खड्डा करून जयमालाची कढीपत्त्याची कुंडी गळ्यापर्यंत पुरली, तिच्यामागे मावळता सूर्य येईल असं जयमालाला बसवलं आणि तिचे हात चिखलात माखवले. फोटोत नुसते हात, ओंजळीच्या मधोमध कोवळं रोप, पानाच्या टोकावर लोट्यातल्या पाण्याचा थेंब. फोटो असा निघाला की खुद्द जयमालानेसुद्धा तो पुन्हा एकदा मागून पाहिला. इंद्रभानने त्यात आपलं न दिसणारं नाव विणलं आणि सरपंचांना नेऊन दिला.

हिंमतरावांनी फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला. "याच्यात मी कुठी हाये?"

"सरपंचसाहेब, हे कलात्मक हाये."

"असन. पन मी कुठी हाये?"

"तुमी इकडून, कॅमेऱ्याच्या बाजूनं पाहून राह्यले."

हिंमतरावांना ते काही पटलं नाही. पण दुसरा फोटो नव्हता, म्हणून त्यांनी हाच वर पाठवला. आता, चेहरा नसलेला फोटो सरकारी कामात फार गुणी असतो. तो कुठल्याही गावाला चालतो. ग्रामसेवकांच्या ग्रुपवर तो एकदा पडला आणि ज्या ज्या गावात झाडं लावायची राहून गेली होती, तिथे तिथे तो उपयोगी पडला. तालुक्यात त्या वर्षी झाडं भरपूर लागली, आणि सगळी जयमालाच्या हातची.

इंद्रभानला याचा पत्ता थंडीत लागला. तालुक्याच्या गावी 'हरित गाव' स्पर्धेचा बक्षीससमारंभ होता आणि त्याचे फोटो काढायचं काम त्याच्याकडेच होतं. सभागृहाच्या भिंतीवर गावोगावचे फोटो लावलेले. पहिल्या फोटोत त्याला बायकोचे हात दिसले. दुसऱ्यातही दिसले. तिसऱ्या गावाने फोटो उलटा करून डाव्या हाताचा उजवा केला होता, चौथ्याने पानं जास्त हिरवी केली होती, आणि एका हुशार गावाने कोपऱ्यात ढग चिकटवून पाऊस पाडला होता. खाली नावं कुणाकुणाची होती! इंद्रभानचं तेवढं नव्हतं.

शहाण्या माणसाने अशा वेळी समारंभाचा चहा प्यावा आणि घरी जावं. इंद्रभान व्यासपीठावर चढला आणि त्याने माईक धरला.

"हे सारे फोटो माहे हायेत!"

समोर सरपंच बसले होते, ग्रामसेवक बसले होते. मधल्या खुर्चीत तालुक्याचे साहेब बसले होते. सभागृहात चुळबुळ झाली. "पुरावा हाये माह्यापाशी!" इंद्रभानने लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला आणि एकेका गावाचा फोटो आसिमच्या प्रोग्रामला दाखवायला सुरुवात केली. प्रोग्राम थोडा वेळ घुटमळायचा आणि मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं, 'इंद्रभान फोटो, दुसरबीड'. पहिल्या दोन गावांना लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यापासून टाळ्या थांबल्या. त्यानंतर ग्रामसेवकांपैकी कुणी बुटाची नाडी बांधत होतं, कुणी छताचा पंखा निरखत होतं. हिंमतराव रुमालाने नुसताच घाम पुसत होते, ऐन थंडीत.

साहेबांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. या सगळ्या गावांची प्रत्यक्ष पाहणी केल्याची सही त्यांची होती, आणि ती पाहणी त्यांनी याच सभागृहाशेजारच्या खोलीत, पंख्याखाली बसून केली होती. पण साहेब उगाच साहेब झालेले नव्हते. ते घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "हा शिक्का खोटा ठरू शकतो का?"

"बापजन्मी नाई, साहेब!"

"म्हणजे हे सगळे फोटो तुमचेच?"

"माहेच!"

"आणि हे हात?"

"माह्या बायकोचे, साहेब."

साहेब उठून उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला. "मित्रहो, आपण एका मोठ्या माणसाला आजवर ओळखलंच नाही. या गृहस्थांनी कुठलीही प्रसिद्धी न करता, पत्नीला सोबत घेऊन, गावोगाव जाऊन झाडं लावली. आणि नाव कसं ठेवलं, तर कुणाला दिसणार नाही असं!"

सभागृहाने जीव भांड्यात पडल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात हिंमतरावांनी वाजवल्या. इंद्रभानने तोंड उघडलं होतं, खरं सांगायचं त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण तेवढ्यात खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि माईकवरून कुणीतरी म्हणालं, "वृक्षमित्र इंद्रभानजी!" इतक्या मोठ्या सभेत, इतक्या मोठ्याने त्याचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. त्याने तोंड मिटलं.

सासऱ्यांनी पहिल्यांदाच 'जावईबापू' असं लिहिलं. इंद्रभानने दुकानाच्या पाटीवर 'वृक्षमित्र' रंगवून घेतलं. जयमालाने शाल घडी करून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "कढीपत्त्याले पानी घालाचं ध्यानात ठेवा, वृक्षमित्र."

उन्हाळा तापला आणि बातमी आली की बुलढाण्याहून पथक येतंय, जगलेली झाडं मोजायला. गावोगावच्या सरपंचांनी एकच उत्तर ठरवलं. झाडं वृक्षमित्रांनी लावली, कुठे लावली ते त्यांनाच ठाऊक, त्यांनाच विचारा. इंद्रभानने हातातला कॅमेरा तसाच ठेवला. तो साहेबांकडे धावला.

"साहेब, एकही झाड नाई! तो फोटो कढीपत्त्याचा हाये. कुंडीतल्या!"

साहेबांनी चष्मा काढला. "इंद्रभानजी, तुम्ही भर सभेत काय सांगितलं होतं? हे मी लिहून घेऊ का, की तुम्ही शासनाची फसवणूक केलीत आणि वर सत्कारही घेतलात?"

"नाई, नाई."

"मग पथक यायच्या आत झाडं दाखवा. तुमचीच आहेत."

तिथून तो थेट आसिमकडे गेला. "आसिमभाई, त्या फोटोतून माहं नाव काढ. काय बी कर."

आसिमने कपाळावर हात मारला. "भाऊ, मी पयलेच बोल्लो होतो ना, निघत नाई म्हून. अन् निघालं तरी तुमी साऱ्या तालुक्याले मोठ्या पडद्यावर दाखवून बसले. लोकायच्या डोक्यातून कोन्त्या प्रोग्रामनं काढू?"

घरी आल्यावर इंद्रभान डोकं धरून बसला. "आपला हात दाखवून अवलक्षण झालं हे."

"आपला नाई," जयमाला म्हणाली. "हात माहे, अवलक्षण तुमचं. उठा, फावडं घ्या."

दुसऱ्या दिवसापासून वृक्षमित्र खरोखरच खड्डे खणायला लागला. आधी भोकरखेडीचं गायरान घेतलं. जमीन तव्यासारखी तापलेली, मुरूम असा की फावडं उलट अंगावर यावं. हाताला फोड आले, पाठ भाजून निघाली. इथलं झालं की पुढचं गाव, आणि त्यापुढे आणखी गावं होती. रोपवाटिकेतून उधारीवर आणलेली लिंबाची रोपं तो एकेक करून लावत होता, जयमाला डोक्यावरून पाणी आणून घालत होती, आणि दर खेपेला उरलेली गावं मोजून दाखवत होती.

दुपारी हिंमतराव जीपमधून आले. येत्या निवडणुकीत त्यांना तालुक्याचं तिकीट हवं होतं, म्हणून हल्ली ते सगळीकडे यायचे. त्यांनी काच खाली केली, मोबाईल बाहेर काढला, दोन-तीन फोटो घेतले आणि "चालू द्या, चालू द्या," म्हणून काच वर करून गेले.

पथक यायच्या दिवशी सकाळी तालुकाभरच्या ग्रुपवर फोटो आला. खड्ड्यावर वाकलेली, घामाने निथळणारी एक पाठ. मान आणि डोकं कातरलेलं. वरच्या बाजूला गोलात हिंमतरावांचा हसरा चेहरा, आणि खाली ठळक अक्षरांत, 'माझ्या संकल्पनेतून व माझ्या श्रमातून साकारलेला हरित तालुका. आपला हिंमतराव.'

इंद्रभानने तो फोटो बोटांनी मोठा करून कोपरान् कोपरा पाहिला. पाठ त्याची होती, घाम त्याचा होता, बनियन त्याचं होतं. मग त्याने लॅपटॉप उघडला आणि फोटो आसिमच्या प्रोग्रामला दाखवला. पडद्यावर आलं, 'कोणतेही नाव आढळले नाही.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग तोच फोटो त्याने होत्या नव्हत्या त्या सगळ्या ग्रुपवर पाठवला, साहेबांना पाठवला, नंबर मिळवून पथकालाही पाठवला आणि प्रत्येक ठिकाणी लिहिलं, 'तालुक्यातली सारी झाडं सरपंचसाहेबांचीच. आम्ही फक्त फोटो काढतो.' हिंमतरावांनी प्रत्येक ठिकाणी खाली हात जोडून आभार मानले.

दुपारी त्यांचा फोन आला. आवाज फारच बारीक होता.

"इंद्रभानभाऊ, पथकाची गाडी माह्या दारात उभी हाये. बाकीच्या गावातले झाडं कुठी हायेत म्हून मले इचारून राह्यले. तुमी जरा या अन् सांगा का ती पाठ माही नाई म्हून."

इंद्रभान जेवत होता. जयमालाने नुकतीच त्याच्या फोडांना हळद लावून दिली होती, म्हणून तो चमच्याने जेवत होता.

"असं कसं म्हनता, सरपंचसाहेब?" तो अदबीने म्हणाला. "मी प्रोग्राम लावून पाह्यलं ना. माहं नाव त्याच्यात कुठीच नाई. तुमचं तं चांगलं साध्या डोळ्यांनी दिसून राह्यलं."